कमरेतली रिंग

२ तारीख, सोमवार

आलो एकदाचा! खोली वरच्या मजल्यावर, खिडकी मोठी, गादी मऊ. कवळ्या बनवायची आमची लॅब बंद पडल्यापासून घरी माश्या मारत होतो, आणि आता या वयात राहून-खाऊन नोकरी. ठकीची आई गेल्यापासून पोरगी माझ्यापायी अडकून पडली होती. आता तिलाही जरा स्वतःचं बघता येईल.

काम मोठं गमतीचं आहे. मालकीणबाईंनी ऐंशीच्या दशकातल्या सिनेमांचे बोटभर उंचीचे प्लॅस्टिकचे बाहुले जमवलेत. अंतराळातला फौजदार, पाणबुडीचा कप्तान, तीन डोळ्यांचा खलनायक. सिनेमे लोक केव्हाच विसरले. चेहरे नटांशी अजिबात जुळत नाहीत, सगळी एकाच आईची लेकरं वाटतात. बाई म्हणाल्या, हीच अस्सल मालाची खूण, हुबेहूब दिसतात ते नंतरचे. मी मान डोलावली.

प्रत्येकाच्या पोटात एक रबरी रिंग असते. धड आणि पाय तिनेच एकत्र धरलेले. इतक्या वर्षांत रबर कुजतं आणि बाहुला उचलला की कमरेतून दोन तुकडे होतात. पाठीचा स्क्रू काढायचा, नवी रिंग अडकवायची, स्क्रू पिळायचा. पूर्वी हे काम बाईंचे दादा करायचे. ते आता थकलेत, शेजारच्या खोलीत बसून असतात.

५ तारीख, गुरुवार

हात बसला. फौजदार आज ताठ उभा राहिला तेव्हा मला लहान मुलासारखं हसू आलं. चहाच्या वेळी बाईंनी माझ्या बोटांचं कौतुक केलं आणि मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो. सांगून टाकलं, माझी लेक घड्याळं दुरुस्त करते, बारीक कामात ती मला खिशात घालील. बाईंनी तिचा नंबर लिहून घेतला. अडीअडचणीला असावा म्हणे.

जिना चढताना गुडघे लटपटले. वय झालं, दुसरं काय.

९ तारीख, सोमवार

थकवा काही जात नाही. झोप भरपूर होते, तरी उठताना अंग गोळा करावं लागतं. कप्तान आणि त्याची माणसं मात्र ठणठणीत. एकेकाचा पाय वाकवून बघितला, तर बसवला त्या दिवसापेक्षा घट्ट लागतो. रबर खरं तर सैल व्हायला हवं.

आंघोळीच्या वेळी डावा खांदा जागचा निसटला आणि पुन्हा बसला. दुखलं अजिबात नाही. त्याचीच भीती वाटली.

१२ तारीख, गुरुवार

दादांचं दार उघडं दिसलं म्हणून विचारपूस करायला गेलो. ते खुर्चीत होते, कमरेला पट्टा आवळून खुर्चीला बांधलेले. पावलं मागच्या बाजूला वळलेली. डोळे माझ्याकडे. जिवंत आहेत.

बाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, दादांनी फार रिंगा बसवल्या, त्यांच्यात आता काही धरून राहत नाही. आणि खलनायकाचे दोन तुकडे माझ्या हातात ठेवले.

सरळ निघून जायला हवं होतं. पण खालच्या दारापर्यंत जाण्याचंही त्राण नव्हतं. म्हटलं, उद्या.

१५ तारीख, रविवार

पाय हलत नाहीत. खलनायकाचा स्क्रू काढून ठेवलाय, रिंग बसवली नाही. आता बसवणार नाही.

खात्री करायला ब्लेडने फौजदाराची रिंग कापली. तो कोसळला आणि माझ्या उजव्या गुडघ्यात पुन्हा बळ आलं. म्हणजे सगळ्यांच्या कापल्या तर —

बाई आल्या. ब्लेड नेलं, कपाटाला कुलूप लावलं. रागावल्यासुद्धा नाहीत.

"तुम्ही आराम करा आता. मुलीला बोलावलंय मी, बाबांना बरं नाही म्हणून."

१७ तारीख

जबडा सैल. शब्द बनत नाहीत. पट्टा बांधला मलाही. पेन्सिल मुठीत धरून —

फार दमलोय. झोपावं वाटतं. झोपायचं नाही.

ठकी, येऊ नकोस.

१८

आली. जिन्यावर तिचीच पावलं.

रडली. कपाळावरून हात फिरवला माझ्या. ओरडायला गेलो — तोंड नुसतं उघडं —

बाईंनी समोरच टेबल मांडलं. खलनायक. माझाच, राहिलेला. बाबांचा जीव त्यात अडकलाय म्हणाल्या.

ठकी म्हणते, "बाबा, तुम्ही पडून राहा. एवढं मी उरकते."

पाठ माझ्याकडे. चिमट्यात रिंग धरली —

मोठ्या अक्षरात लिहितो. मग वही खाली पाडतो. आवाजाने वळेल. वाचेल.

ठकी रिंग बसवू न