रांगेत उभे राहू देण्याबाबत

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
भिवंडी.

विषय : घरून मतदानाची सवलत काढून घेऊन अर्जदार बाईंना केंद्रावरील रांगेत, शक्यतो शेवटी, उभे राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदारांच्या नातवाने भरून दिलेला घरून मतदानाचा १२-ड नमुना. २) आपल्या कार्यालयाबाहेरील फलक, 'आपण मतदान का करता?'

महोदय,

अर्जदार श्रीमती धोंडूबाई, राहणार दिघाशी, यांच्या सांगण्यावरून हा अर्ज खाली सही करणारा अर्जलेखक लिहीत आहे. बाई सकाळपासून माझ्या टेबलासमोर बसून आहेत आणि काम झाल्याशिवाय उठणार नाहीत, हे कृपया ध्यानी घ्यावे.

१. बाईंचा नातू चि. भाविक गुणी मुलगा आहे. "आजी, मताला सरकार तुझ्या दारात येणार," असे सांगून त्याने नमुन्यावर त्यांचा अंगठा घेतला. बाईंचा समज झाला की केंद्रावर न्यायला सरकारी गाडी येणार. गाडी नव्हे, मतपेटी येणार आणि एकदा घरी मत दिले की मतदानाच्या दिवशी, वीस तारखेला, केंद्रावर काही काम उरणार नाही, हे त्यांना गावच्या मतदार यादीचे काम पाहणाऱ्या अंगणवाडी सेविका क्षितिजाताई यांच्याकडून परवा समजले. तेव्हापासून बाईंनी भाविकशी बोलणे टाकले आहे.

२. ही सवलत पंच्याऐंशी वर्षांपुढील मतदारांसाठी आहे. ओळखपत्रानुसार बाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. खरे वय अठ्ठ्याहत्तर. एकोणीसशे बासष्टच्या मतदानाआधी कारकून नावे लिहायला आला, तेव्हा बाई नव्या सून होत्या आणि सासूबाई त्यांना पाणवठ्यापलीकडे पाठवीत नसत. समोरच्या घरातील सून हबीबा यांनी आधीच कानमंत्र दिला होता, "सरकारचा बुलावा हाय, सासू न्हाय म्हनू शकनार न्हाय." बाईंचे शब्द जसेच्या तसे देतो : "मला सोळावं लागलं होतं. मी चुलीपासनं वरडून सांगितलं, चोवीस लिवा." कारकुनाने चोवीस लिहिले. खोटे वय सांगणे हा गुन्हा आहे, हे मी बाईंना समजावले. सासू बघितली असती तर तुम्हीही चाळीस सांगितले असते, असे त्यांचे म्हणणे पडले.

३. केंद्र तेव्हा दोन कोसांवर होते. दोघी सुना चालत गेल्या, वाटेत चिंचा पाडल्या, मत दिले आणि दिवस मावळता परतल्या. बाईंच्या मते त्यांचे लग्न झाल्यापासूनचा तो पहिला दिवस, जो त्यांचा स्वतःचा होता. तेव्हापासून एकही निवडणूक दोघींनी चुकवलेली नाही.

४. हबीबा आता मुलाकडे भिवंडीत कामतघरला, कापड विणणाऱ्या लूमच्या वरच्या खोलीत राहतात. त्यांचे नाव अद्याप दिघाशीच्या यादीत कसे, हा या अर्जाचा विषय नाही. दोघींचे गुडघे गेले आहेत. भेटायला न्या म्हटले की हबीबांचा इक्बाल आणि बाईंचा भाविक एकाच तोंडाने सांगतात, "पुढच्या रविवारी." तो रविवार गेली अकरा वर्षे उगवलेला नाही. मतदानाच्या दिवसाला मात्र पुढचा रविवार दाखवता येत नाही. त्या दिवशी इक्बाल स्वतः रिक्षा आणतो आणि बोटावरच्या शाईचा फोटोही काढतो.

५. आपल्या फलकावरील प्रश्नाचे उत्तर यात आले आहे असे बाईंना वाटते. उमेदवारांविषयी त्यांची काही तक्रार नाही. हबीबा ज्याला देतात त्याच्या विरुद्ध बाई देतात, हे दोघी रांगेतच ठरवतात. म्हणजे बासष्टपासून दोघींच्या मतांची फिट्टंफाट होत आली असून निकालावर कणभर परिणाम नाही. सबब, हा अर्ज मंजूर केल्याने कोणत्याही पक्षाचे नुकसान होणार नाही.

६. ज्येष्ठांना रांगेविना आत सोडण्याच्या आपल्या पद्धतीबद्दलही बाईंची हरकत आहे. मे महिन्यातल्या मतदानाला शिपायाने दोघींना हाताला धरून पुढे नेले व चार मिनिटांत बाहेर काढले. मागच्या मतदानापासून साठलेले बोलणे शिल्लक राहिले. हबीबा जाताना एवढेच म्हणाल्या, "आता पुढच्या मताला." त्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही. घरच्या मतदानाचे कळल्यावर बाईंनी इक्बालमार्फत निरोप धाडला होता, तो बहुधा लूमच्या खडखडाटात राहिला.

तरी विनंती की,

(अ) १२-ड रद्द करावा. क्षितिजाताईंच्या मते मुदत उलटली आहे. तसे असल्यास,

(आ) बाईंचे वय आठ वर्षांनी खरे करावे, म्हणजे त्या सवलतीतून आपोआप बाद होतील. बासष्टच्या खोटेपणाची शिक्षा मतदानानंतर भोगण्यास त्या तयार आहेत. तेही जमत नसल्यास,

(इ) घरी मत दिल्यावरही वीस तारखेला त्यांना रांगेत नुसते उभे राहू द्यावे. मत मागणार नाहीत. शाईही नको.

मी तीस वर्षे आपल्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर अर्ज लिहितो. रस्ता, नळ, दाखला, नुकसानभरपाई, सगळे मागून झाले. उभे राहू द्या, असे कोणी मागितल्याचे आठवत नाही. गेल्या तीन निवडणुकांत मी सुट्टी धरून सासुरवाडीला गेलो, हेही बाईंनी माझ्याकडून वदवून घेतले आहे आणि अर्जात लिहायला लावले आहे.

उत्तराची वाट पाहत, आपली विनम्र,

धोंडूबाई (डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार : मनोज, अर्जलेखक
दि. ११ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१. ओळखपत्राची प्रत (वय खोटे).
२. खऱ्या वयाचा पुरावा : नाही. हबीबा यांना विचारावे.
३. गूळ-मीठ घालून केलेल्या चिंचेच्या गोळ्यांची पुडी. हा लाच देण्याचा प्रकार नाही. अर्ज नामंजूर झाल्यास पुडी वीस तारखेला दिघाशीच्या केंद्रावर हबीबा यांच्या हाती द्यावी. त्यांना लांबचे दिसत नाही. त्या रांगेच्या अगदी शेवटी असतील आणि पुढे या म्हटले तरी येणार नाहीत.