रतनचा हात

१८ डिसेंबर १९७२

काल काय सांगितलं ते विसरलीस ना, वहीबाई? मी बोलते, सून छबू लिहिते, तू गिळतेस – आणि सकाळी माझ्यासारख्या अडाणीला तू कोरीच्या कोरी! म्हणून पुन्हा ऐक. माझी नात भागी पुण्याला कामाला लागली. आकडेमोड करणाऱ्या यंत्रांचा कारखाना. शेजारी आमच्याच गावची रतन, बौद्ध वस्तीतल्या बनुबाईची. भागी डबीतून इवलाले काळे तुकडे काढून देते, रतन ते यंत्रात जोडते.

तिथं गारठा फार. माझ्या घोंगडीचा तुकडा भागीला कापून दिला, स्टुलावर घालायला. छबू म्हणते, "आत्याबाई, चांगली घोंगडी कशाला फाडता?" मग काय माझ्या सरणावर घालायचीय?

२ जानेवारी १९७३

रतन परत आली. काढून टाकलं! तिनं जोडलेले तुकडे मरतात म्हणे. यंत्रं चालूच होत नाहीत. परदेशचा महाग माल.

ओट्यावर बाया जमल्या. "एकेकीचा हातच तसा असतो." मीही 'हो' म्हणून मान हलवली. – लिही छबू, तेही लिही.

५ जानेवारी

पाऊस नाही, पीक नाही. रतन दुष्काळी कामावर खडी फोडते.

टँकरपाशी बनुबाई भेटली. "पोरीनं बोटं लई जपली हुती वो. आता हातोडा."

मी म्हटलं, "देव बघतो."

"कोंचा?" म्हणाली, आणि हंडा उचलून गेली.

दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही.

८ जानेवारी

रतनच्या दोन बोटांना चिंधी. माझ्याकडं पाहून हसली. हसायला नको होतं तिनं.

११ जानेवारी

भागी आली, संक्रांतीला. जेवली नाही. रतन गेली तरी तुकडे मरतच राहिले. मग साहेबानं स्टुलावरची घोंगडी उचलली – चटचट, चटचट!

"लोकर घासली की अंगात वीज साठती, आजे. आपल्याला कळत बी न्हाई. बोट लागलं की तुकडा खलास. मी द्यायच्या आधीच मेलेले असायचे."

थंडीत घोंगडी झटकली की चटचटते, हे मला जन्मभर ठाऊक. मेंढी अजून चावते म्हणून पोरांना हसवायचे मी!

"रतनला सांगितलंस?"

तिनं घोंगडीचा तुकडा माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "साहेब म्हनले, घोंगडी घरी ने, बोभाटा नको. आजे, माझं काम जाईल."

"तिचं गेलं ते काय होतं मग?"

रडली. मी पाठीवरून हात फिरवला नाही.

१३ जानेवारी, भोगी

ओट्यावर सगळ्यांदेखत सांगितलं – रतनचा हात नव्हता, माझी घोंगडी होती. सण झाला की दोघी पोरी पुण्याला जातील, साहेबापुढं भागी बोलेल. काम राहो, न राहो.

आता लिहिणं पुरे, छबू. मडक्यात राखलेली बाजरी दळ. तीळ लावून भाकरी, वर लोण्याचा गोळा – बनुबाईकडं पोचव. आणि ताट रिकामं आणू नकोस. त्या घरचं पाणीसुद्धा मी आजवर प्यायले नाही. त्यांच्या चुलीवर जे असेल ते माझ्यासाठी मागून आण. गरम असतानाच.