अकरा मिनिटं वाया

१८ फेब्रुवारी, बुधवार
आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पडदा झिजत चाललाय. अंधारात आत्ताच काही दिसत नाही, दिवसाउजेडी अजून दोन-तीन महिने बऱ्यापैकी दिसेल. पुढचं सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या आजी. आई म्हणाली, जन्मले ती जागा एकदा बघायची आहे, बाकी सगळं बघून झालं.
घरी येताच नवी फाइल उघडली.

१९ फेब्रुवारी
ठरलं. ७ आणि ८ मार्च, कारने. मी (नेतृत्व), आई, बायको, मुलगी. आईसाठी सरप्राइज.
बायको म्हणाली, कुठे जन्मल्या ते आईंना विचारून तरी घ्या. म्हटलं, विचारलं तर सरप्राइज कसलं? शिवाय माझ्याकडे कागद आहे. नऊ वर्षांपूर्वी आईबाबांचे पासपोर्टचे अर्ज मीच भरले होते. (जायचं कुठेच नव्हतं, पण कागद तयार असावेत.) बायको म्हणाली, अहो, ते तर बाबांचं गाव ना? म्हटलं, आईचंही तेच. अर्जात आहे.
आज बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. बावीस वर्षं अर्ज तपासनीस आहे मी. माझ्या टेबलावरून चुकीचा अर्ज पुढे गेलेला नाही. बायको स्वयंपाकघरात निघून गेली. पटलं असावं.
संकल्प: या ट्रिपमध्ये एकदाही चिडायचं नाही.

२६ फेब्रुवारी
वेळापत्रक तयार. चार प्रती, लॅमिनेट करून. ‘१२.१० ते १२.३० : आईचे भावुक होणे.’ मुलीने विचारलं, वीस मिनिटांत आजीचं आवरेल का? म्हटलं, पाच मिनिटं वाढीव धरलीत. हसत हसत आत गेली. या पिढीला नियोजनाचं कौतुक नाही.
स्वयंपाकघरातला नळ गळतोय. प्लंबर कशाला? रविवारी मीच करतो.

१ मार्च, रविवार
नळ केला. आता दोन ठिकाणांहून गळतो. म्हणजे दोष नेमका कुठे आहे ते तरी कळलं.

६ मार्च, शुक्रवार
डिकी भरली. घडीचं टेबल, दोन थर्मास, फाइलींची पेटी, मोठी बॅटरी. पेटी बसेना म्हणून स्टेपनी काढून गॅलरीत ठेवली. टायर नवेच आहेत. चारच वर्षं झाली.
आईला एवढंच सांगितलं, उद्या चांगले कपडे घाल. तिला काय ते कळलं असावं. संध्याकाळपासून गुणगुणतेय.

७ मार्च, शनिवार. सकाळी १०.३५, चहाचा थांबा
सहाला निघायचं होतं, सहा पन्नासला निघालो. दोष इतरांचा. (किल्ली माझ्याच खिशात होती, पण ती तिथे आहे हे कुणी तरी सांगायला हवं होतं.)
वाटेत रेल्वेचं फाटक बंद. आजूबाजूला काही म्हणजे काही नाही. एक पिवळी केबिन, एक झाड, झेंडा धरलेला फाटकवाला. आईने काच खाली केली आणि म्हणाली, आलो की! चपला घातल्या, पर्समधून कंगवा काढून केस नीट केले. म्हटलं, आई, हे फाटक आहे, आपल्याला अजून शंभर किलोमीटर जायचंय. नजरेबरोबर अंतराचा अंदाजही जातो बिचारीचा. म्हणाली, पाच मिनिटं उतरू दे. तिला समजावलं की टॉयलेटचा थांबा १०.३० ला आहे, तोवर कळ काढ. तरी दाराशी खुडबुड करायला लागली, म्हणून सेंट्रल लॉक लावलं. सुरक्षितता आधी.
मालगाडी संपता संपेना. सहा वेळा हॉर्न दिला. फाटकवाल्याने ढिम्म लक्ष दिलं नाही. शेवटी फाटक उघडलं, तर आई मान वळवून मागच्या काचेतून बघतच राहिली. मग म्हणाली, बरं, तू म्हणशील तसं. तेव्हापासून गप्प आहे. उत्सुकता ताणली गेलीय.
नोंद: फाटक, अकरा मिनिटं वाया.
चिडलो नाही. फक्त आवाज मोठा होता.

७ मार्च, दुपारी ३
तपशीलवार लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज नकोत.
१२.१० ला (प्रत्यक्षात १.०५) गाडी बाबांच्या जुन्या घरासमोर उभी केली. आईला हात धरून उतरवलं. तयार केलेलं दोन पानी भाषण वाचलं. शेवटी विचारलं, ओळख पाहू, कुठे आणलंय? आई म्हणाली, न ओळखायला काय झालं, सासूबाईंचं घर. म्हटलं, आणि तुझं जन्मस्थान! आई माझ्याकडे बघतच राहिली. भावुक झाली असं धरून मी पाच वाढीव मिनिटंही दिली. मग म्हणाली, वेडा आहेस का रे?
चालायचंच. वय झालं की विस्मरण होतं. पुरावाच दाखवावा म्हणून समोरच्या नोंदणी कार्यालयात गेलो. कारकुनाने जुनं रजिस्टर तीनदा चाळलं. बाबांची नोंद सापडली, आईची नाही. त्याला रजिस्टर नीट ठेवण्याबद्दल चार शब्द सुनावले आणि अर्जाची झेरॉक्स पुढे केली. त्याने चष्मा वर केला. म्हणाला, साहेब, इथे जन्मस्थानाच्या रकान्यात ‘वरीलप्रमाणे’ लिहिलंय. कशाच्या वर?
बाबांचा अर्ज आधी भरला होता. आईचा त्याच्याखाली ठेवला होता. वेळ वाचवला होता.
कारकून म्हणाला, असा अर्ज आम्ही परत पाठवतो. वर म्हणाला, आजी बाहेर बाकावर बसल्यात, त्यांनाच का नाही विचारत?
विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं, असं बायकोचं म्हणणं. आई म्हणाली, सकाळी अकरा मिनिटं आपण तिथेच तर उभे होतो. माझे वडील फाटकवाले होते. त्या पिवळ्या केबिनच्या मागे एक खोली होती, तिथे जन्मले मी. फाटक वर जाताना त्याला लोंबकळायचे म्हणून रोज मार खायचे. मला वाटलं, मुलाने लक्षात ठेवून आणलं. तर तू दाराला कुलूप लावलंस.
मग समोर बाबांच्या घराशेजारच्या विहिरीकडे बघत म्हणाली, दोन वर्षं हिचं पाणी ओढलं, शेवटच्या घागरीपर्यंत सासूबाईंची बोलणी खाल्ली. डोळे जायच्या आधी तेवढी पुन्हा दाखवलीस, पांग फेडलेस हो.
टोमणा होता की आभार, नीट कळलं नाही. आभार धरतो.

८ मार्च, रविवार. रात्री ८, हायवेवरचं हॉटेल
नवं वेळापत्रक केलं. ‘४.०० : फाटक. वेळेचं बंधन नाही (४० मि.).’
२.५० ला टायर फुटला. बायकोने विचारलं, स्टेपनी? म्हटलं, सुरक्षित आहे. गॅलरीत. मेकॅनिक यायला तीन तास लागले. या तीन तासांत माझ्याशी कुणी बोललं नाही, हे नोंदवून ठेवतो.
फाटकाशी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. काळोख. फाटक सताड उघडं. आईला उतरवलं. ती हात पुढे करून चार पावलं गेली आणि थांबली. मुलीला विचारलं, केबिनला खिडकी किती, एक की दोन? मुलगी म्हणाली, दोन. मी धावत जाऊन डिकीतली मोठी बॅटरी आणली आणि केबिनवर झोत धरला. आई म्हणाली, राहू दे रे, मला नुसती बॅटरी दिसतेय.
वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. टायरवाल्याला कडक पत्र लिहिणार आहे.

१३ मार्च, शुक्रवार
पत्र लिहिलं नाही.
बायकोने जाहीर केलं की उद्या सकाळी तिघी फाटकावर जाणार, गाडी ती चालवणार. म्हटलं, मी चालवतो, रस्ता मला पाठ आहे. आई म्हणाली, तू घरी थांब, प्लंबर यायचाय.
बरोबरच आहे. घरी कुणीतरी जबाबदार माणूस हवंच.

१४ मार्च, शनिवार
सकाळी ६.०० : तिघी निघाल्या. ठरल्या वेळी. कसं जमलं कोण जाणे. स्टेपनी मी स्वतः डिकीत ठेवली. वेळापत्रकाची प्रतही दिली होती. ती चपलांच्या कपाटावर सापडली.
११.०० : प्लंबर आला. नळ बघून म्हणाला, हे कुणी करून ठेवलंय? म्हटलं, आधीच्या प्लंबरने. अकरा मिनिटांत काम झालं.
१२.०० : फोन केला. आईने घेतला. म्हटलं, कधी निघताय? म्हणाली, फाटक बंद आहे. म्हटलं, ठीक.
१.३० : आईचा अर्ज नव्याने भरायला घेतला. जन्मस्थान लिहिलं. पुढचा रकाना वडिलांचे नाव. म्हणजे आजोबांचं. पेन उघडून बराच वेळ बसलो. मला ते माहीत नाही. हा रकाना रिकामा ठेवणाऱ्या किती जणांना मी खिडकीवरून परत पाठवलंय. आज संध्याकाळी आईला विचारणार, आणि सांगेल ते सगळं ऐकणार.
४.१० : पुन्हा फोन. उन्हं उतरायच्या आत निघायला हवं. आई म्हणाली, कसं निघणार, फाटक बंद आहे ना. मागून मुलीचा आवाज आला, आजी, उघडंच आहे की! आई तिला म्हणाली, गप्प बस.
मी ऐकलं नाही असं दाखवलं. म्हटलं, नियम म्हणजे नियम, आई. फाटक बंद असेल तर तिथेच थांबायचं.