तिसरं कडवं

प्रिय ताई,

नमस्कार आधीच करून घेतो. पत्र वाचून झाल्यावर तू तो घेशील की नाही, कुणास ठाऊक.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. अक्षर अजून तसंच, कोऱ्या कागदावरही सरळ रेषेत चालणारं. तू लिहिलंयस, ‘पोपट, माझं डोकं चाललं रे. भाजीत मीठ घातलं की नाही तेच मला कळेनासं झालंय. एक तारखेला मुलगा मला त्याच्याकडे नेणार. विसरभोळ्या बाईच्या हाती विस्तव नको म्हणतो. त्याचं तरी काय चुकलं?’ आणि त्याच पत्रात, चार ओळी खाली, माझ्या चौथीच्या पुस्तकात नदीची कविता कितव्या पानावर होती तेही सहज सांगून गेलीस. एक्केचाळिसाव्या. मी उठलो, कपाटातून ते पुस्तक काढलं आणि पाहिलं. एक्केचाळीसच. तेव्हापासून पुस्तक मांडीवर घेऊन बसलोय. सून दोनदा चहा गरम करून गेली.

या पुस्तकाला अजून तो डिंकाचा वास आहे. मला तर वाटतं, माझं सगळं आयुष्य या पानांच्या आतच झालं. बाहेर जे झालं ते नुसता गृहपाठ. तू ओट्यापाशी पीठ मळायचीस आणि मी दाराच्या चौकटीला टेकून कविता म्हणायचो. अर्थ कळायचा नाही, पण घडाघडा म्हणायचो, म्हणून तूच माझं नाव पोपट ठेवलंस. नदीच्या कवितेतलं तिसरं कडवं मात्र अवघड होतं. नदी वाटेत एक गाव बुडवते आणि पुढे समुद्राला भेटल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, असं काहीसं. दुसऱ्यावरून मी टुणकन चौथ्यावर जायचो. गुरुजींना कधी पत्ता लागला नाही. तू मात्र पाठमोरी असूनही म्हणायचीस, ‘तिसरं गिळलंस.’

असे तुझे कान. ते तिसाव्या वर्षी जायला लागले. मुलगा झाल्यावर तर फारच. तो रडला तर कळावं म्हणून पाळण्याची दोरी मनगटाला बांधून निजायचीस. घरात सगळे म्हणायचे, हिला सोयीचं तेवढंच ऐकू येतं, कारण तू मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होतीस आणि तिथे, पातेल्यांच्या त्या दणदणाटात, तुला सगळं नीट ऐकू यायचं. तो त्या आजाराचाच गुण, हे मला पुढे शिकताना कळलं. कानात घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं एक हाड असतं, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. ते थिजतं, हलेनासं होतं. ते काढून तिथे तारेएवढा दट्ट्या बसवायचा, की झालं. मी तेच काम करणारा डॉक्टर झालो. लोक म्हणाले, बहिणीसाठी झाला. मी कधी नाही म्हणालो नाही.

उजव्या कानाची शस्त्रक्रिया तुला आठवत असेलच. तू जागी होतीस, फक्त कान बधिर केलेला. दट्ट्या बसला तेव्हा ऐकू येतंय का ते पाहायला मी तुझ्या कानाशी वाकून अगदी हळू नदीची कविता म्हणायला लागलो. सवयीने दुसऱ्यावरून चौथ्यावर गेलो. आणि कापडाखालून तुझा आवाज आला, ‘तिसरं गिळलंस.’ टेबलाभोवतीचे सगळे हसले. मी दुर्बिणीला डोळा लावून रडलो. त्या दिवसासारखा दिवस मला पुन्हा लाभला नाही, ताई, आणि पुढचं सगळं त्या दिवसानेच घडवलं. मला वाटायला लागलं, माझा हात चुकतच नाही.

आता नीट वाच. कानाच्या पडद्यामागून एक बारीक मज्जातंतू जातो, शिवणाच्या दोऱ्याएवढा. त्याचा कानाशी काही संबंध नाही, नुसता वाटसरू आहे. जिभेच्या पुढच्या भागाची चव तो वाहून नेतो. त्या हाडापर्यंत पोचायला हा तंतू आड येतो. तो अलगद बाजूला सारायचा असतो, वेळ लागतो. उजवीकडे मी तो कापला. तेव्हा बरेच जण कापत. महिना-दोन महिने तोंडात चमचा धरल्यासारखं वाटतं, मग जिभेची दुसरी बाजू सांभाळून घेते. तुझंही तसंच झालं. पण म्हणूनच दुसऱ्या कानाला हात लावताना तो तंतू जिवापाड जपायचा असतो, आणि त्याआधी माणसाला विचारायचं असतं: या कानाने ऐकू येईल, पण कदाचित चव जाईल, चालेल का? हा प्रश्न मी अनोळखी कारकुनांना विचारलाय, एका गवंड्याला विचारलाय. दीडशे मुलींचा स्वयंपाक तळहातावरच्या एका थेंबाने जोखणाऱ्या माझ्या बहिणीला विचारला नाही. तू नको म्हणाली असतीस, अशी मला भीती होती.

दोन वर्षांनी डावा कान केला, या वेळी पूर्ण भूल देऊन. त्या दिवशी बाहेरगावचे चार डॉक्टर माझं काम बघायला आले होते. मागे उभं राहून कुणीतरी घड्याळ बघत होतं. मला तो तंतू सावकाश सारायला हवा होता. मी घाई केली, हातातला बारीक आकडा ओढला, आणि तो तुटला. त्या चौघांना दिसलं नाही. फक्त माझ्याजवळ उभ्या असलेल्या सिस्टरला दिसलं. शेवटी नोंद सांगताना मी म्हटलं, चवीचा तंतू शाबूत. तिची लेखणी थांबली. तिने मान वर न करता विचारलं, ‘शाबूत लिहू?’ मी म्हटलं, लिहा. तिने लिहिलं. पुन्हा ती माझ्यासोबत शस्त्रक्रियेला उभी राहिली नाही. बदली मागून घेतली.

आणि तू दोन्ही कानांनी ऐकायला लागलीस. पानांची सळसळ ऐकून खिडकीत उभी राहायचीस. मी मनाशी म्हणायचो, बघ, किती सुखी आहे. मग वसतिगृहातून तक्रारी यायला लागल्या. आज अळणी, उद्या खारट. तुला स्वयंपाकातून काढून कोठीवर बसवलं, डबे मोजायला. तू माझ्याकडे आलीस, जेवायच्या टेबलाशी सगळ्यांदेखत विचारलंस, ‘अरे, माझ्या तोंडाची चव गेलीय. कशाने?’ आणि मी म्हणालो, ‘ताई, डोळ्यांना लागते तशी जिभेलाही चाळिशी लागते.’ सगळे खो खो हसले. तूही हसलीस. तेव्हापासून तो घरचा विनोद झाला. तुझ्या नातवंडांनाही तोंडपाठ आहे. तुझं तोंड कोरडं पडायचं, घासागणिक पाणी प्यायचीस, त्यावरही चिडवायचे. तेही त्याच तंतूचं काम, ताई. दर वर्षी तू लोणच्याची बरणी पाठवतेस. खारट असतं, कधी तर जिभेवर ठेववत नाही. मी ते सगळं संपवतो आणि ‘झकास’ म्हणून कळवतो. प्रायश्चित्त म्हणून खातो, असं वाटायचं. प्रायश्चित्त कसलं, खोट्यात आणखी एक खोटं. मी खरं बोललो असतो तर तू निदान मोजून मीठ घातलं असतंस.

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला होता. म्हणाला, मामा, आईने सूपमध्ये दोनदा मीठ घातलं, डॉक्टर म्हणतात ही विस्मरणाची सुरुवात असू शकते, तुम्हाला काय वाटतं? तुझ्या त्या प्रश्नानंतर तेहतीस वर्षांनी पुन्हा मला थेट विचारलं होतं कुणीतरी. मी म्हणालो, होतं रे वयाने. आणि फोन ठेवला. त्यानंतर तुझं पत्र आलं.

तर हे पत्र एवढ्यासाठी. तुझं डोकं ठणठणीत आहे. मीठ घातल्याचं तू विसरत नाहीस. घातलंय की नाही हे जीभ तुला सांगत नाही, म्हणून तू पुन्हा घालतेस. सोबत दुसरा कागद आहे, माझ्या सहीचा, त्यात कविता नाही. तो भाच्याला आणि त्या डॉक्टरांना दाखव. दवाखान्याच्या जुन्या कागदांवर ‘शाबूत’ असेल. ते खोटं आहे आणि ते मी सांगितलंय, असं त्यात लिहिलंय. डोळे मिटून जिभेच्या टोकाला मिठाच्या पाण्याचा थेंब लावून बघा म्हणावं. आणि तोवर गॅस बंद करू देऊ नकोस. माफी मागत नाही. ती मागायला मी फार उशीर केला. शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. दार उघडलंस तर स्वयंपाकघरात स्टुलावर बसेन. तू ढवळत जा, मीठ मी बघेन. नाही उघडलंस तर पायरीवर बसून नदीची कविता म्हणेन, तिसऱ्या कडव्यासकट. आतून ऐकू येईल तुला. तेवढं मात्र मी नीट केलं होतं.

तुझाच,
पोपट