पन्नीवरचे गुरुजी

जऊळका,
दि. ३ एप्रिल १९७८

इंद्रभान,
जयभीम.

इकडं सगळे बरे आहेत. पत्रात पयले असंच लिहा लागते म्हणून लिहिलं. तूर घरात आली. बकरीले दोन पिल्लं झाली, त्यातलं एक लंगडं आहे पण दूध दाबून पिते. तुहे दाजी जानराव अजून रेल्वेच्या गँगमध्येच आहेत, दिवसभर रुळावर तापतेत अन् घरी येऊन माह्यावर. शेजारच्या तुळसाबाईच्या वाडीतले वांगे यंदा किडले. आबांसाठी तू धाडलेलं धोतर भेटलं. त्यांनी नेसलं नाई, ट्रंकेत ठेवलं आहे.

तुह्या पत्राले उत्तर दिलं नाई म्हणून तू रागावला असशीन. रागाव बाप्पा. मीच एवढी रागात आहे का तुहा राग मले दिसतही नाई.

पयले मांगच्या वर्षीचं लिहिते, म्हणजे तुले आठवन. मंगरूळच्या उरुसात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता, मंग तोच तंबू आपल्या जऊळक्याले आला. मोठ्या पिक्चरच्या आधी तुह्या स्टुडिओचं ‘काठीबहाद्दर’ दाखवत, तुमी हातानं काढलेल्या हालत्या चित्रांचं. दर हप्त्याले एक भाग. चित्रातला पोट्टा काठी शिकते अन् त्याले शिकवणारे निळ्या पागोट्याचे गुरुजी. पयल्या दिवशी गुरुजी पडद्यावर आले अन् सारा तंबू वळून आबांकडे पाहाले लागला. काठी डाव्या हातात. उजव्या हाताले तीनच बोटं, कापसाच्या जिनातल्या मशीननं आबांची दोन नेली तशीच. डावा खांदा खाली टाकून चालणं. अन् खेळाच्या आधी काठी जमिनीवर आडवी ठेवून, उकिडवं बसून, दोन्ही तळहात मातीले टेकवणं. थे तं आबांचंच. त्यांच्या बापानं त्यांले शिकवलं, त्यांनी आपल्याले. साऱ्या तालुक्यात दुसरं कोणी तसं करत नाई.

त्या वर्षी आबा तरणे झाले होते. बोटं गेल्यावर या माणसानं काठी सोडली नाई, डाव्या हातानं परत पयल्यापासून शिकला. त्याले जन्मभर कोणी गुरुजी म्हणलं नव्हतं. देवमन म्हणत, नाई तं डावऱ्या म्हणत. गावातल्या मोठ्या घरच्या उत्तमरावच्या ओट्यावर आबा कधी चढले नाईत, चढू दिलं नाई म्हण. तोच उत्तमराव रस्त्यात थांबून म्हणला, “गुरुजी, पडद्यावर झ्याक दिसता तुमी.” आबा घरी आले अन् मले म्हणले, “वच्छला, पोरानं नाव काढलं.” मंग चुलीजवळ बसून उगंमुगं हासत राह्यले. आबांच्या काठीच्या आखाड्यात पोट्टे वाढले. मानोऱ्याकडच्या तांड्यावरूनही दोघं शिकाले येऊन राह्यले आबांजवळ. जयंतीच्या मिरवणुकीत आबा सगळ्यात पुढं होते. तू त्या दिवशी नव्हता, मुंबईत काम होतं म्हणे.

यंदाचे भाग दिवाळीनंतर येणार होते. आले नाईत. तंबूवाल्यानं बोर्डावर नाव लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. संक्रांत गेली. आबा रोज पॅसेंजरच्या टायमाले स्टेशनवर जात. “पेटी आली का जी, माह्या पोराची?” एकच प्रश्न. शेवटी स्टेशनमास्तरनं त्यांच्यासाठी एक स्टूल बाहेर टाकून ठेवलं. कोणी विचारलं का आबा सांगत, “मुंबईचं काम आहे, बारीक राह्यते, उशीर होते.” तुह्या स्टुडिओच्या मालकाची बाजू फुकट मांडत बसत बिचारे.

रिळांची पेटी आली तेव्हा दुसरा भाग पयले आला अन् पयला मांगून. एका भागाले तं आवाजच नव्हता. मशीनवाला प्रेमसिंग भोंग्यात तोंड घालून काठ्यांचे आवाज काढे. पोट्ट्याच्या मायचा आवाजही त्यानंच काढला, मिशीवाल्या माणसाचा घोगरा आवाज, बायका पदर तोंडाले लावून हासल्या. पोट्ट्याचा सदरा एका भागात लाल, दुसऱ्यात हिरवा. हे सगळं चाललं असतं. गावातले लोक एवढ्यावर नाराज होत नाईत. पण गुरुजी काई आले नाईत.

आबा म्हणत, “गुरुजीले उशिरानं आणा लागते. पोट्ट्याले पयले मार खाऊ देतेत, मंग गुरुजी येते. गोष्ट अशीच रंगते.” आखाड्यातल्या पोट्ट्यांले समजावून सांगत. हप्ता झाला का मलेच विचारत, “पुढच्या भागात येईन ना?” मी म्हणो, येईन.

आता जे लिहाचं थे लिहिते. दोनदा लिहून फाडलं आहे.

तिसऱ्या भागात तो चोर आला. काळं पागोटं, वाकडं नाक, एक दात बाहेर. कोंबड्या चोरते, विहिरीत पडते, कुत्रं त्याचं धोतर ओढते. लोकं हासाले लागले. अन् सगळ्यात मोठ्यानं आबा हासले. डोळ्याले पाणी येईस्तोवर. मले म्हणतेत, “पाह्य कसा चालते, पाह्य.” मीही हासत होती. मंग तो चोर उठला, काठी उचलली डाव्या हातानं, खांदा खाली टाकून निंगाला. माहं हासणं तिथंच थांबलं. बाजूले तुळसाबाईनं माहा हात धरला. हळूहळू आजूबाजूचं हासणं बंद झालं अन् मांगून दुसरंच हासणं सुरू झालं, वळून वळून आबांकडे पाहाचं. अन् आबा हासूनच राह्यले. माणसाले आपली चाल कुठं दिसते रे. थे बाकीच्यांले दिसते.

दुसऱ्या दिवशी मी प्रेमसिंगकडे गेली. त्यानं रीळ उन्हात धरून दाखवलं. चोराच्या उजव्या हाताले तीन बोटं. काळ्या पागोट्याच्या कडेनं निळा रंग डोकावते. मी म्हणलं, हे काय होय प्रेमसिंगभाऊ. तो खाली पाहून म्हणला, “बाई, मी नुसती मशीन चालवतो.”

म्हणून तुले पत्र लिहिलं होतं. अन् तुहं उत्तर आलं. थे मले पाठ झालं आहे. ‘ताई, मालकाजवळ चित्रं काढाच्या नवीन पन्न्या नव्हत्या अन् भाग तं द्याचेच होते. गुरुजीच्या जुन्या पन्न्या कामात घेतल्या, चेहरा पुसून दुसरा काढला, पागोटं काळं केलं. तंबूवाल्यांलेही गुरुजी नको होते, हासाले कोणी पाह्यजे होतं. कोणाले कळणार आहे? आबांले सांगू नको.’

मले किळस आली इंद्रभान. पत्र चुलीजवळ ठेवलं अन् हात धुतले, खरं सांगते. चेहरा पुसून, असं लिहिलं. कोणी पुसला थे नाई लिहिलं. गुरुजीच्या सगळ्या पन्न्या तुह्याच टेबलावर राहतेत, तूच मांगं मोठेपणानं लिहिलं होतं. म्हणजे फडकं तुह्याच हातात होतं. एका पन्नीवरचा पुसला, मंग दुसऱ्या, मंग तिसऱ्या. इतक्या वेळा बापाचं तोंड समोर आलं अन् एकदाही तुहा हात थांबला नाई. अन् वरून म्हणते, कोणाले कळणार आहे. ज्या गावानं त्या चालीले तीस वर्षं नावं ठेवली, त्या गावाले कळणार नाई काय? तू मुंबईत गेला अन् आपलं गाव आंधळं झालं असं वाटलं का तुले?

अन् मले म्हणते सांगू नको. मंग मी नाई सांगतलं. हप्ताभर त्यांच्या ताटात भाकर वाढली अन् तोंडाले कुलूप लावलं. माहीही किळस येते मले.

शेवटच्या भागाले मी आबांले म्हणलं, डोकं दुखते, आज नका जाऊ. ते म्हणले, “तू नीज. मी जातो. आज गुरुजी येतीन, आज शेवटचा आहे.” धुतलेला सदरा घातला. मंग मीही गेली. एकट्यानं कसं जाऊ देऊ?

शेवटाले पोट्टा अन् चोर समोरासमोर येतेत. चोर काठी जमिनीवर आडवी ठेवते. उकिडवा बसते. दोन्ही तळहात मातीले टेकवते. अन् मांगून पोट्टा येऊन त्याच्या कमरेखाली लाथ घालते. चोर तोंडावर पडते, उठते, परत लाथ, परत पडते. प्रेमसिंगनं मशीनच्या भिंगासमोर आपला पंजा धरला. पडदा काळा झाला तं लोकांनी बोंब मारली, तंबूवाला धावला, त्याले हात काढा लागला. लाथ चालूच होती.

चाल नव्हती ओळखली आबांनी. थे मातीले हात टेकवणं ओळखलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. हासू तसंच राह्यलं होतं ओठावर, त्याले काढाची त्यांले सुधच नव्हती.

अन् एक सांग मले. चालणं, बसणं, काठी धरणं हे जुन्या पन्न्यांवरचं होतं, मालकानं म्हणलं म्हणून वापरलं, मानलं. पण मांगच्या वर्षी गुरुजीले कोणी लाथ मारली नव्हती. थे लाथ जुन्या पन्नीवर नव्हती. तोंडावर पडणारा माणूस जुन्या पन्नीवर नव्हता. थे नवं काढलं. पडद्यावर एक लाथ बसाले किती चित्रं काढा लागतेत थे तूच सुट्टीत आला तेव्हा सांगतलं होतं, इथं ओसरीत बसून, आबांच्यासमोर. तेवढ्याले बऱ्या नवीन पन्न्या भेटल्या तुह्या मालकाले.

आबा शेवटपावतर बसले. मोठा पिक्चरही पूर्ण पाह्यला. लोकं उठले तसं बुडाखालचं पोतं झटकून घडी केली. घरी येताना रस्त्यात एवढंच विचारलं, “इंद्रभानचं बरं चाललं आहे ना तिकडं? जेवणाबिवणाचं?” मी म्हणलं, हो, बरं आहे.

त्याच्यावर एक शब्द नाई. रडले असते, तुले शिव्या दिल्या असत्या, तं मले सुटल्यासारखं वाटलं असतं. काई नाई. सकाळी उठून आखाड्यात गेले. पोट्टे आले होते, सगळे नाई पण आले होते. आबांनी काठी उजव्या हातात घेतली.

तुले समजलं का मी काय लिहिलं थे? उजव्या हातात, तीन बोटांत. फिरवाले गेले अन् काठी पडली. उचलली, परत उजव्याच हातात. परत पडली. एकानं म्हणलं, गुरुजी, डाव्यानं दाखवा ना. आबा म्हणले, “डाव्यानं बरं नाई दिसत रे.” अन् खेळाच्या आधी मातीले हात टेकवणंही सोडलं. काठी सरळ उचलतेत, जसं लाकूड उचलाचं असते. तेव्हापासून रोज असंच चालू आहे. काठी पडते, पोट्टे उचलून देतेत. तांड्यावरचे दोघं यायचे थांबले. जयंती तोंडावर आली, मंडळाचे पोट्टे घरी येऊन म्हणले, मिरवणुकीत पुढं तुमीच. आबा म्हणले, “मी मांगं चालतो. पुढं कोणी धडधाकट ठेवा.”

मी काल न राहून बोललीच. म्हणलं, आबा, इंद्रभानले पत्र लिहाले बसते, काय लिहू? मले वाटलं आता तरी बोलतीन. त्यांनी त्या तीन बोटांनी काठी धरून पाह्यली. मंग म्हणले, “लिही का चित्र चांगलं निंगालं. लोकं पोटभर हासले. जयंतीले ये म्हणावं, दिसला नाई लय दिवसाचा.”

त्यांनी सांगतलं तसंच लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडं केला नाई. थे त्यांचं झालं.

माहं असं आहे का तू येऊ नको. जयंतीले नाई, पावसाळ्यात नाई. तू आला तं आबा तुह्यासमोरही काठी उजव्या हातानंच धरतीन, अन् थे पडन, अन् तू खाली वाकून उचलून देशीन. थे मले पाहाचं नाई.

तुही ताई असं लिहाले हात होत नाई, म्हणून फक्त,

देवमन डावऱ्याची लेक,
वच्छला