‘कन्हान’ नाचण्याचा हक्क

मी, मनकर्णा रुपराव लांजेवार, वय ६८, धंदा नृत्य, राहणार महाल, नागपूर, लिहून ठेवते की, अर्धांगवायूने माझी उजवी बाजू गेली, डोके गेलेले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कोणाच्या दडपणाखाली मी आजवर काही केले नाही, हे मृत्युपत्रही करत नाही.

१. घुंगरू न बांधता, अनवाणी, एकटीने उभे राहून नाचायचे असे सात नाच मी बसवले. माझ्याआधी नागपुरात असे कोणी नाचले नाही. वकीलसाहेब म्हणाले, हे वाक्य खोडा. खोडणार नाही.

२. राहते घर व तालमीची खोली माझ्या नृत्यमंडळीस. मंडळीच्या पाच मुली त्या सातांतले सहा नाच माझ्यापेक्षा चांगले नाचतात. तबला-डग्गा तो वाजवणाऱ्या ओमप्रकाशला.

३. बंधू गिरिधर यांनी, "भल्या घरची पोर लोकायसमोर नाचते काय?" म्हणत चाळीस वर्षे एकही प्रयोग पाहिला नाही. त्यांना पहिल्या रांगेतील मधली खुर्ची कायमची. न आल्यास रिकामी ठेवावी. लोकांना दिसू द्या.

४. सातवा नाच ‘कन्हान’. कन्हान नदीकाठच्या खाणीवर कोळशाची टोपली घेऊन चढणाऱ्या बायका पाहून बसवलेला. तो मी एकट्या यमुताई बोंदरे हिला शिकवला. प्रयोगात ती सगळे उजवे डावीकडे नाचली. पडदा पडताच मी मंडळीदेखत तिला वाट्टेल ते बोलले. ती म्हणाली, "बाई, मी काहून चुकली? तुम्ही समोर उभ्या राहून शिकवलं, मी तुमच्याकडेच पाहून राहिली होती." ती गेली ती परत आली नाही.

खोली अरुंद म्हणून तिला समोर उभी करणारी मीच. हे घरी पोचेपर्यंत कळले होते. कबूल करायला अकरा वर्षे लागली. ताठ्यापायी पुढे तो नाच कोणालाच शिकवला नाही. आता माझा पाय उचलत नाही. ‘कन्हान’ फक्त यमूच्या अंगात उरला आहे.

५. तो नाच यमूचा. मंडळीच्या मुलींना तिने तो आपल्याच पद्धतीने शिकवावा. त्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार कोणासही नाही. चूक माझी होती.

मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, हे मला ठाऊक आहे. तरी कलम चार व पाच वकीलसाहेबांनी आजच सीताबर्डीला यमूच्या घरी जाऊन वाचून दाखवावीत. मला ‘कन्हान’ जिवंतपणी पाहायचा आहे.

सही, डाव्या हाताची पण माझीच: मनकर्णा रुपराव लांजेवार

आमच्यासमक्ष सही केली:
१. महादेवराव गभने, वकील
२. शोभाताई राऊत, शेजारीण

नागपूर, १४ नोव्हेंबर १९७९