वाटणी नव्हे, कप्पे

८ फेब्रुवारी २०२५

दिवाळीपासून तुला उघडलं नाही, माफ कर. आज मात्र लिहायलाच हवं – नवी पेठेतल्या आमच्या चादरींच्या दुकानाच्या कॉम्प्युटरचं पार्टिशन मी एकटीने केलं. आधी सगळ्याची कॉपी बाहेरच्या डिस्कवर. त्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हा नियम. मग सी ड्राइव्हला फक्त विंडोज, डीला चादरींची डिझाइन्स, ईला घरचे फोटो. विंडोज बिघडलं तर सी पुसायचा, बाकीच्यांना धक्का नाही.

जेवताना कौतुकाने सांगितलं, "हार्ड डिस्कची वाटणी केली." मामंजींचा घास हातातच राहिला. "ब्याडवा," कानडीतूनच नको म्हणाले. "तो शब्द घरात नको. कप्पे म्हण." त्यांची आणि त्यांच्या भावाची वाटणी कोर्टात झाली, दोघांचं बोलणं अजून बंदच. मला भान ठेवायला हवं होतं. नंदीशभावजी हसले – "वैनी, मला कुठला कप्पा?" ह्यांनी ताटातून मान वर केली नाही.

९ फेब्रुवारी

भावजींची ती थट्टाच होती ना? त्यांना ऑनलाइन विक्री हवी, ह्यांना नको. दुकानात रोज खटके.

२१ फेब्रुवारी

विंडोज गेलं. भावजींनी कसलीशी फाइल उघडली आणि स्क्रीन काळा. हे भडकले, "बापाच्या काळापासूनची डिझाइन्स घालवलीस!" दुरुस्तीवाला म्हणाला, "सगळं फॉरमॅट करावं लागंल, मॅडम." मी म्हटलं, "फक्त सी."

संध्याकाळी डी उघडला. एकूण एक डिझाइन जागेवर! "लई वाचवलंत की वैनी," भावजी म्हणाले. ह्यांनी चहा स्वतः करून आणला. भावजी वाचले म्हणून मी खूश, की मी बरोबर ठरले म्हणून? दुसरंच जास्त. असू दे, आज मिरवते.

जेवायला मात्र दोघं भाऊ वेगवेगळे बसले.

२२ फेब्रुवारी

आजही वेगवेगळेच.

२३ फेब्रुवारी

दोघं दुकानात असताना मामंजींनी हाक मारली. "एक बिघडलं तरी दुसऱ्याला धक्का न्हाय, असं केलीस म्हणं?"

"हो."

मामंजी म्हणाले, "दुकानाची पण तशीच वाटणी करून दे. मी हाय तवर. तुझं दोघं ऐकतील."

तो शब्द त्यांनीच उच्चारला.

उद्या : कशालाही हात लावण्याआधी दोघांना एका पंगतीला बसवायचं.